तू तर घरचीच

आजीला मी 'ओ पेअर' हा शब्द तीनदा समजावून सांगितला. परदेशात एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरातली हलकी कामं करायची. बदल्यात राहणं-जेवण फुकट, वरखर्चाला पैसे, शिवाय तिथली भाषा शिकायला मिळते. आजीने तांदूळ निवडणं काही थांबवलं नाही. "म्हंजे मोलकरीणच की गं," ती म्हणाली, "फकस्त इमानानं जायचं."

मला राग आला. 'ओ पेअर' हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने' असा होतो, हे मी नुकतंच वाचलं होतं. १९६९ साली स्ट्रासबुर्गला युरोपातल्या देशांनी या मुलींसाठी एक करार केला. त्यात म्हटलंय की या धड विद्यार्थिनी नव्हेत आणि धड कामगारही नव्हेत. दोन्हींचं थोडं थोडं असलेला हा तिसराच वर्ग. हे सगळं आजीला सांगितलं. तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

बी.एस्सी. करून मी कराडच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत होते. सव्वीस वर्षं पूर्ण झालेली. जर्मनीचा नियम असा की व्हिसाचा अर्ज करताना सत्तावीस पूर्ण झालेली नसावीत, आणि 'ए वन' पातळीची जर्मन यायलाच हवी. पुण्याला मावशीकडे राहून बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात मी ती परीक्षा दिली. तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यायची, आणि मग परीक्षक नावाचं स्पेलिंग विचारतात. माझं आडनाव चव्हाण. जर्मनमध्ये 'व्ही'ला 'फाऊ' म्हणतात आणि 'डब्ल्यू'ला 'वे'. आपल्या जिभेला 'व्ही' म्हटलं की 'वे'च जवळचं वाटतं. वर्गात मी हा घोळ इतक्यांदा घातला की सर म्हणायचे, "चव्हाणबाई, तुमची परीक्षा तुमच्या आडनावातच आहे." परीक्षेत नीट म्हटलं. घोळ झाला तो पुढे, व्हिडिओ कॉलवर.

कुटुंब मिळालं होतं. स्टुटगार्टपासून एस-बान लोकलने अर्ध्या तासावरचं गाव, दोन मुलं, आई हॉस्पिटलात नोकरीला, वडील घरून काम करणारे. माझा आरोग्यविमा त्यांनीच काढायचा असतो. फॉर्म भरताना वडिलांनी आडनावाचं स्पेलिंग विचारलं आणि उत्साहाच्या भरात मी 'वे' म्हणून मोकळी झाले. मुंबईत अर्जाच्या खिडकीवरच्या मुलीने पासपोर्ट आणि विम्याचा कागद शेजारी शेजारी ठेवले, एका अक्षरावर बोट ठेवलं आणि दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले. कागद दुरुस्त होऊन पुढची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. सत्ताविसावा वाढदिवस सात आठवड्यांवर होता, म्हणून निभावलं. कोल्हापूर पॅसेंजरच्या खिडकीत बसून मी 'फाऊ, फाऊ' पुटपुटत होते; समोरच्या बाईंनी पोराला जवळ ओढून घेतलं.

याच सुमारास मावशीच्या ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, आमची भाची म्युनिकला आहे, तिला लहान बाळ आहे, तिच्याकडेच जा ना, पुरणपोळी तरी मिळेल. तसं चालत नाही. घरात जर्मन बोलली जायला हवी, आणि आई-वडील भारतातलेच असतील तर भारतातली मुलगी त्यांच्याकडे ओ पेअर म्हणून येऊ शकत नाही. भाषा शिकायला येतेय ना, मग मराठीत गप्पा कसल्या मारता? नियम कडू आहे, पण त्यामागचं डोकं शाबूत आहे.

जानेवारी २०२३ मध्ये पोचले. बॅगेत आईने 'कालनिर्णय' घातलं होतं, सणवार चुकू नयेत म्हणून. ते पुढे भलत्याच कामाला आलं.

पहिल्या दोन आठवड्यांत गावच्या कचेरीत जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो: ही बाई अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते. ते झालं. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती म्हणजे टपालपेटीवर आपलं नाव हवं. तिथे पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत. आमच्या पेटीवर कुटुंबाचं आडनाव पितळी पट्टीवर कोरलेलं होतं. माझं नाव लावायचं राहून गेलं, मग 'या शनिवारी लावू' झालं, मग बरेच शनिवार गेले. करखात्याचा माझा नंबर पत्राने यायचा होता, तो आला नाही. शेवटी मी वहीच्या कागदावर नाव लिहून चिकटपट्टीने लावलं. आठ दिवसांत एक पत्र आलं, श्रीमती मी आणि मधोमध वडिलांचं नाव. आपल्याकडे पासपोर्टात वडिलांचं नाव आपल्या नावाला जोडूनच येतं, जर्मन लोक ते दुसरं नाव समजतात. धाकटा त्यानंतर महिनाभर मला वडिलांच्या नावाने हाका मारायचा. एका तीन वर्षांच्या पोराकडून 'विलास, दूध!' ऐकताना मला कराडचं घर आठवायचं.

घर चांगलं होतं, हे आधीच सांगते. माळ्यावरची खोली स्वतंत्र होती, खिडकीसकट. डोकं तिरक्या छपराला आपटायचं ते माझ्या उंचीमुळे. महिन्याला २८० युरो हातखर्च वेळेवर, भाषेच्या वर्गासाठी ७० युरो वेगळे. करारात लिहिलेलं: दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला तीस, दीड दिवस सुट्टी. मुलांना उठवायचं, डबे भरायचे, बालवाडीत सोडायचं, दुपारी आणायचं, भांड्यांचं मशीन रिकामं करायचं. काम जड नव्हतं. ते संपत नव्हतं, एवढंच.

बाईंची रात्रपाळी असली की धाकट्याच्या खोलीतला आवाज ऐकण्याचं यंत्र माझ्या उशाशी यायचं. "तू तर झोपलेलीच असतेस, त्यात काम कसलं?" रविवारी पाहुणे यायचे. "तू तर आमच्यात बसूनच असतेस." आणि प्रत्येक वेळी शेवटी एक वाक्य: तू तर घरचीच आहेस. शब्द गोड होता आणि मनापासून होता, यातच गोची होती. नोकराला ओव्हरटाइम मागता येतो. घरच्या माणसाने काय मागायचं?

मी 'कालनिर्णय'च्या चौकटीत आकडे लिहायला लागले. आई त्याच चौकटीत दुधाचा हिशोब लिहिते, दीड लिटर, एक लिटर, खाडा. मी लिहायचे: ६, साडेसात, ९. मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आठवड्यात, बेरीज ४३ झाली. खाडा एकही नव्हता.

तरीही मी गप्प होते, आणि त्याचं कारण एक कागद होता. माझा व्हिसा तीन महिन्यांचा होता. तो संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कचेरीत पुढच्या परवान्यासाठी अर्ज करायचा होता. अर्ज केला. युक्रेनमधून आलेल्या लोकांच्या कागदपत्रांखाली अशा कचेऱ्या दबल्या होत्या, त्यामुळे अपॉइंटमेंटला महिने लागत. तोवर हातात घडी घातलेला तात्पुरता दाखला. त्यावर लिहिलं होतं, काम करण्याची परवानगी फक्त ओ पेअर म्हणून आणि फक्त या कुटुंबात. पुढे त्यांचं आडनाव. करारात मी बरोबरीची होते, पण देशात राहण्याचा माझा हक्क त्या आडनावाला बांधलेला होता. भांडण करायचं तर भांडून रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न त्या बाईंना कधी पडणार नव्हता.

एप्रिलमध्ये कॅलेंडर खाली नेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. माझ्या जर्मनमध्ये समजावलं, ही बेरीज, हा करार. बाईंनी पानं उलटली. चिडल्या नाहीत, चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तू आमचा हिशोब ठेवत होतीस?" आणि त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं अपराधी वाटलं की त्या संध्याकाळी मी कुणी न सांगता इस्त्री केली. ते तास मात्र लिहिले.

पुढे काय करायचं ते विचारावं तर परवान्याच्या कचेरीत फोन कुणी उचलत नव्हतं. वर्गातली एक कोलंबियन मुलगी मला चर्चच्या फुकट सल्लाकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या आजीबाईंनी चष्मा वर करून माझा दाखला वाचला आणि म्हणाल्या, कुटुंब बदलता येतं. नवीन करार लागेल, कचेरीची मंजुरी लागेल, एकूण मुदत मात्र पहिल्या दिवसापासून मोजून एका वर्षाचीच, आणि हे वर्ष आयुष्यात एकदाच मिळतं. आधी नवं घर शोध, मंजुरी घे, मग नोटीस दे. उलट करू नकोस. इतका सोपा क्रम होता. चार महिने मला वाटत होतं, तोंड उघडलं की विमानतळ.

नवं घर मिळून मंजुरी यायला मेअखेर उजाडली. करारानुसार नोटीस दोन आठवड्यांची. ते दोन आठवडे त्याच घरात, त्याच टेबलावर जेवत काढले. सगळे अतिशय सभ्य वागत होते. "मीठ देतेस का?" "हो, हे घ्या." मोठी मुलगी सहा वर्षांची. तिने एका सकाळी डबा भरताना विचारलं, तुला दुसरी मुलं जास्त आवडतात का? मी काकडीचे काप करत होते. 'नाही' हा शब्द मला तीन भाषांत येतो, त्यातला एकही बाहेर पडला नाही. शेवटच्या दिवशी बाईंनी स्टेशनपर्यंत गाडीने सोडलं. मागे वळून पाहिलं तर टपालपेटीवरची माझी चिठ्ठी तशीच होती, पावसाने शाई फुटलेली.

नवं घर स्टुटगार्ट शहरात, तिसऱ्या मजल्यावर. एक शिक्षिका आणि तिची आठ वर्षांची लेक. पहिल्याच संध्याकाळी शिक्षिकेने फ्रिजवर आठवड्याचं वेळापत्रक लावलं, खाली बेरीज: तीस. टपालपेटीवर माझं नाव मी पोचण्याआधीच छापून लावलेलं, 'व्ही'सकट. तास संपला की ती मला अक्षरशः खोलीबाहेर काढायची. रात्री मुलीजवळ थांबले तर दुसऱ्या दिवशी तेवढे तास वजा. 'तू घरची' असं ती एकदाही म्हणाली नाही. आणि मी खरं सांगते, सात महिने मी त्या घरात घरच्यासारखी पसरून राहिले. महिनाभराच्या प्रवासाचं ४९ युरोंचं नवीन तिकीट निघालं होतं, सुट्टीच्या दीड दिवसात बोडेन्से सरोवरापर्यंत भटकून यायचे.

परवान्याचं प्लास्टिक कार्ड सप्टेंबरमध्ये हातात पडलं. फी १०० युरो. वैध आणखी चार महिने. आजीला व्हिडिओवर दाखवलं. तिने नीट पाहून विचारलं, "ह्ये तुझ्या नावाचं हाय का त्यांच्या?"

"माझ्या."

"मग ठीक."

जानेवारीत निघताना पत्त्याची नोंद रद्द करायला गेले. येताना महिने लागलेल्या देशात जाण्याचं काम पाच मिनिटांचं. समोरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, पुढचा पत्ता? कराड, म्हटलं. त्याने कीबोर्डवर बोटं ठेवली आणि थांबला. "स्पेलिंग?"

"का, आ, एर, आ, डे," मी म्हटलं. त्यात 'व्ही' नव्हताच.