काटा आणि दोरा

गेल्या वर्षी आषाढात आमच्या घरी वजनकाटा आला. रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी आम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगितले होते. वय 53. उंबरठा ओलांडायचा नाही एवढा निश्चय करून आम्ही घरी परतलो ते काचेचा एक चपटा काटा काखेत मारूनच. त्याने पहिल्या दिवशी 87.4 किलो असा निकाल दिला.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले आणि आम्ही प्राध्यापक-कक्षात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी बांधलेले असते, भात-पोळी कमी केली की आधी हे पाणी जाते आणि चरबी जागच्या जागी बसून असते, हे आम्हांला नंतर कळले. गणपतीत उलटा प्रकार. एका रात्रीत सव्वा किलो वाढ! एवढी चरबी चढवायची तर रोजच्या जेवणावर आणखी नऊ हजारांहून अधिक उष्मांक पोटात जायला हवेत. मोदकांवर आमची कितीही भक्ती असली तरी ती इतकी खचितच नाही. लोणच्या-पापडाच्या मिठाने धरून ठेवलेले पाणीच बहुतांशी ते. पण मन हा हिशेब मानत नाही. दिवाळीनंतर तर काटा 83 वर येऊन जो थांबला तो दहा आठवडे हलला नाही. रोज सकाळी वर्गावर जाण्याआधीच आम्ही नापास झालेले असू.

('बटाट्याची चाळ'मधला 'उपास' वाचून आम्ही विद्यार्थिदशेत पोट धरून हसलो होतो. तेव्हा धरायला पोट नव्हते, ही गोष्ट वेगळी.)

त्या दहा आठवड्यांत आम्हांला आमच्याच विषयाने, म्हणजे भाषेने, एक गोष्ट सुचवली. काट्याजवळ उतरण्याला एकच क्रिया आहे, आकडा कमी होणे. मराठीजवळ किती आहेत पाहा. माणूस रोडावतो, वाळतो, सुकतो, झडतो, खंगतो. दुसरीकडे तो सडसडीत असतो, शेलाटा असतो, काटक असतो. पहिल्या ओळीतले शब्द उच्चारताना आवाज खाली येतो, दुसऱ्या ओळीतले उच्चारताना दृष्ट काढावीशी वाटते. आता 'तब्येत सुधारली' याचा अर्थ आपल्याकडे पुष्कळदा 'सुटला' असा होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण खंगलेला आणि सडसडीत यांतला भेद जुन्या बायका नुसत्या नजरेने सांगत. तो भेद न कळल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

1991 साली वडिलांना वजन कमी करा असे सांगण्यात आले. तेव्हा घरोघरी काटे नव्हते. ते दर महिन्याला रेल्वे स्टेशनवरच्या यंत्रावर उभे राहत, नाणे टाकत, आणि पुठ्ठ्याचे तिकीट घेऊन येत. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ती तिकिटे ते बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवत. 78, 74, 71, 67. आम्ही एकोणीस वर्षांचे होतो. खिळा आणि हातोडी घेऊन त्यांच्या पट्ट्याला नवी भोके आम्हीच पाडून देत होतो, आणि ‘बाबा, कमाल केलीत’ असे म्हणतही होतो. आजी तेवढी एकदा म्हणाली, "बारीक नाही झाला, खंगलाय." तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. रात्री उशाशी ठेवलेला तांब्या रिकामा होई आणि ते पुन्हा भरून घ्यायला उठत, तेही उन्हाळ्याच्या खाती जमा झाले. साखर निघाली तेव्हा ती बरीच जुनी होती. पुढे मूत्रपिंडे गेली आणि सहा वर्षांत वडीलही. आजही तो डबा आमच्याकडे आहे. वजन म्हणून त्यातले प्रत्येक तिकीट बरोबर आहे.

आमचा काटा अडला तेव्हा आई त्याच्याकडे पाहून म्हणाली, "ह्यांचाही विश्वास होता यंत्रावर." मग तिने विणकामाच्या टोपलीतून एक जाड पांढरा दोरा काढला, बेंबीवरून कमरेभोवती घेतला आणि गाठ मारली. डॉक्टर सांगतात ती जागा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध असते. आईची थोडी निराळी. पण दर वेळी तीच जागा, श्वास सोडलेला, आणि पोट आत ओढण्याची लबाडी नाही, एवढे तिने कटाक्षाने पाळले. काटा 83 वर गाढ झोपलेला असताना नवी गाठ जुन्या गाठीच्या दोन बोटे आत आली. म्हणजे आत काहीतरी चालू होते. चरबी जात होती, आणि रोजच्या चालण्याने मांड्यांत काहीतरी भरत होते.

आईच्या दोऱ्याला विज्ञानाचा आधार आहे, आणि तो थेट पुण्याचा आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. त्याच आकड्याच्या आत दोन वेगळी शरीरे! भारतीय पुरुषाच्या कमरेची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात, ती अशा अभ्यासांचा विचार करूनच. आमची 103 होती, आता 95 आहे.

आणखी काही मापे आपोआप मिळत गेली. ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर आम्ही सूचनाफलक फार बारकाईने वाचत असू. आता त्यावर काय लागले आहे ते ठाऊक नसते. मोल्सवर्थचा कोश खालच्या फळीवरून एका दमात टेबलावर येतो. तीन महिन्यांची साखर सांगणारी चाचणी 6.3 वरून 5.8 वर आली आहे. काटा अजून घरात आहे. त्यावर आम्ही रविवारी उभे राहतो.

पहिल्या तारखेला आई दोरा घेऊन येते. पण तो कमरेला लावण्याआधी ती दर वेळी एकच प्रश्न विचारते, "रात्री पाण्याला उठतोस का?" आम्ही नाही म्हणतो. ती क्षणभर चेहऱ्याकडे पाहते आणि मग म्हणते, "सोड श्वास."