काळूच्या पाठीवरचं निळं

काळं कुत्रं काळ्या रंगानं रंगवता येत नाही. सकाळच्या उन्हात काळू अंगणातल्या फरशीवर आडवा झाला की त्याची पाठ निळी दिसते, कारण वरचं सगळं आभाळ तिच्यावर उतरलेलं असतं. पोटाची बाजू तपकिरी होते, तिथं मातीचा उजेड खालून पोचतो. खरोखर काळं म्हणावं असं काही उरतं ते काखेत, कानाच्या आत आणि नाकपुडीत. ट्यूबमधला काळा रंग मी कित्येक वर्षांत विकत घेतलेला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळले की एक दाट, जिवंत गडद तयार होतो. त्याला कधी निळ्याकडे, कधी तांबड्याकडे झुकवता येतं. काळूचं सगळं अंग या दोन रंगांत बसतं.

मी वाईत राहते आणि जलरंगात काम करते. चित्रकारांना वाई नवी नाही. थंडी पडली की कृष्णेच्या घाटांवर पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-सांगलीचे चित्रकार येतात, कला महाविद्यालयांच्या सहली येतात. ढोल्या गणपतीचं देऊळ, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा घाट, तिथली मोठी घंटा, हे सगळं हजारो वेळा रंगवून झालंय आणि अजून सरलेलं नाही. दगडी पायऱ्या, पाण्यातलं प्रतिबिंब, धुणं धुणाऱ्या बाया, एखादी नाव. मी ही चित्रं आवडीनं बघते. पण त्यात एक गोष्ट जवळपास कधीच नसते. घाटावर प्रत्यक्षात दर चार पायऱ्यांवर एक कुत्रं झोपलेलं असतं. कागदावर ती पायरी रिकामी असते. निसर्गचित्र शिकवताना सांगतात, अनावश्यक ते गाळा. विजेच्या तारा गाळायच्या, प्लास्टिकच्या टाक्या गाळायच्या, आणि त्याच ओघात कुत्रंही गाळलं जातं. मला हे पटत नाही. वीजवाहिनी आज आली. कुत्रं त्या पायऱ्यांवर पायऱ्या घडल्यापासून असणार.

घरी तीन होती: भुरी, काळू आणि तांबी. तिन्ही गावठी. पाहुणे आले की पहिला प्रश्न, "जात कोणती हो ताई?" गावठी म्हटलं की चेहरा उतरतो. मग मी त्यांना कुत्रं दाखवते, म्हणजे खरोखर दाखवते. खोल छाती, वर ओढलेली कंबर, पाचरीसारखं निमुळतं तोंड, बदामी डोळे, आवाजाच्या दिशेनं वळणारे कान, पाठीवर गोल आलेली शेपूट. हा बांधा कुणी ठरवून घडवलेला नाही. इथलं ऊन, इथला पाऊस, इथलं अर्धपोटी जगणं यांतून तो उतरला आहे. रेषेच्या दृष्टीनं त्यात जास्तीचं काहीच नाही. लांब केसांच्या कुत्र्यात हाडं शोधावी लागतात. गावठी कुत्र्याच्या अंगावर खांद्याची फळी, बरगड्या, मांडीचा स्नायू, सगळं उघड वाचता येतं. चित्रकाराला याहून चांगला धडा कुठला मिळणार?

माझा दिवस यांच्या हातात असतो. पहाटे पाचला तांबी पलंगाच्या काठाला नाक लावून उभी राहते. उजाडायच्या आत आम्ही नदीवर जातो. त्या वेळी रंग नसतो, फक्त फिकट आणि गडद असतं, म्हणून वहीत पेन्सिलीनं तेवढंच टिपते: काळ्या दगडावर पांढरं कुत्रं, करड्या पाण्यापुढे काळं कुत्रं. सूर्य पसरणीच्या बाजूच्या डोंगरावर उजेड टाकू लागला की परतायचं. घरी यांच्यासाठी ज्वारीची भाकरी, भात, उकडलेली कोंबडी. आमटी नाही, फोडणीचं काही नाही, कारण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासतात. शिळंपाकं प्रेमानं घालणाऱ्या शेजारच्या काकूंना हे पटवायला मला बराच काळ लागला. आता त्याच गल्लीला सांगत असतात.

नऊ ते एक चित्र. माझी खोली उत्तरेकडे उघडते, त्यामुळे उजेड फारसा हलत नाही. भुरी आल्यावर मी तैलरंग बंद केले. टर्पेंटाइनचा वास मलाच दिवसभर डोक्यात राहायचा, मग ज्या प्राण्याचं जगच नाकातून आहे त्याचं काय? शिवाय सांडलेलं टर्पेंटाइन पंज्याला लागलं की कुत्रं ते चाटणार, आणि ते विष आहे. जलरंगही पूर्ण निर्धोक नाहीत. कॅडमियम आणि कोबाल्टपासून केलेले रंग पोटात जाऊ नयेत, आणि ब्रश धुतलेलं पाणी कुत्र्यांना फार आवडतं. म्हणून माझं पाणी झाकणाच्या बरणीत असतं आणि कुत्र्यांचं पिण्याचं पाणी शेजारीच मातीच्या परातीत, रोज ताजं.

ब्रशांचंही सांगायला हवं. आम्ही शिकत होतो तेव्हा मुंगसाच्या केसांचे ब्रश दुकानात सहज मिळत. टोक कसं धरतात, पाणी कसं पितात, याची तारीफ व्हायची. मुंगूस मारल्याशिवाय ते केस मिळत नाहीत, हे कुणी बोलत नसे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे, आणि असे ब्रश विकणं-विकत घेणं गुन्हा आहे. आमच्या परड्यात मुंगसाचं एक कुटुंब आहे. काळू त्यांना बघतो, पण आता मागे धावत नाही. मी कृत्रिम धाग्याचे ब्रश वापरते. ते पाणी कमी धरतात, त्यामुळे मोठा वॉश देताना दोनदा-तीनदा बुडवावं लागतं आणि हात लवकर चालवावा लागतो, नाहीतर मध्येच कड सुकते. त्यानं माझं काम बदललं, आणि मला वाटतं सुधारलं. चित्रं अधिक मोकळी झाली.

आता मॉडेलबद्दल. कुत्रं पोज देत नाही. झोपलेलं असलं तरी तुम्ही वही उघडली की एक कान उठतो, कूस बदलते, पाय ताणला जातो. बाह्यरेषेपासून सुरुवात केली तर ती पुरी व्हायच्या आत आकार गेलेला असतो. म्हणून मी आधी वजन काढते. हे अंग जमिनीवर कुठे टेकलंय, भार कुठल्या खांद्यावर आहे, कणा कुठून कुठे वाहतोय, तीन-चार फटकाऱ्यांत तेवढंच. एकाच पानावर पाच-सहा अर्धवट कुत्री सुरू ठेवायची. कुत्रं पुन्हा त्या कुशीवर आलं की ते चित्र पुढे न्यायचं. आणि येतंच. प्रत्येकाच्या झोपेच्या ठरावीक बैठका असतात. भुरी नेहमी मागचे दोन्ही पाय डावीकडे टाकून बसायची.

काही गोष्टी मात्र डोळ्यानं पुरत नाहीत, हाडांचा अभ्यास करावा लागतो. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा समजतात. ती टाच असते. कुत्रं बोटांवर चालतं; खरा गुडघा वर, पोटाजवळ. आपल्यासारखं गळ्याचं हाड त्याला नसल्यातच जमा, त्यामुळे पुढचे पाय धडाला फक्त स्नायूंनी बांधलेले असतात आणि खांद्याची फळी चालताना कातडीखाली पुढे-मागे सरकते. ही फळी सरकताना दिसली नाही, तर चित्रातलं कुत्रं चारपाईसारखं उभं राहतं. छायाचित्रकार मायब्रिजनं १८८७ साली छापलेल्या प्राण्यांच्या हालचालींच्या फोटोंत कुत्रीही आहेत. दुडक्या चालीत एका बाजूचे नव्हे, तिरपे पाय एकत्र उचलले जातात, हे तिथं एकेका चौकटीत दिसतं. मी ते फोटो बघते आणि मग काळूच्या मागे गल्लीतून चालते.

पोट भरतं ते ऑर्डरींवर. लोक फोनवरचे फोटो पाठवतात: लॅब्रॉडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, कधी शित्झू. पुष्कळदा ते कुत्रं नुकतंच गेलेलं असतं. मी ही कामं मनापासून करते. फोन मात्र फार जवळून धरलेला असतो, त्यामुळे नाक मोठं आणि कान लहान दिसतात. मी चार-पाच वेगवेगळे फोटो मागते, आणि एक प्रश्न विचारते: दारात तुम्ही दिसलात की आधी काय हलायचं? कुणी सांगतं शेपूट, कुणी कान, कुणी नुसत्या भुवया. ती जागा मी शेवटी, सगळ्यात सावकाश रंगवते.

गावठी कुत्र्याची ऑर्डर क्वचित येते. म्हणून मेंढपाळ आले की मला फार आनंद होतो. दिवाळीच्या सुमाराला माणदेशाकडचे धनगर मेंढ्या घेऊन निघतात, वाटेत शेतकरी खतासाठी त्यांना रानात बसवून घेतात. गेल्या खेपेला ओझर्ड्याच्या बाजूला एक कळप होता. त्याच्यासोबतची पांढरी-करडी कुत्री कळपाच्या कडेला अशी बसली होती की तिच्या पाठीमागून मेंढ्यांचा एकसंध ढग सुरू व्हायचा. मी तास-दीड तास काढत होते. म्हातारे बाबा येऊन मागे उभे राहिले.

"ही रातच्याला झोपत न्हाई बाई," ते म्हणाले. "तुमी दिवसा काढताय म्हनून निजल्याली दिसतीया."

मग त्यांनी तिचा कान उलटून जुनी जखम दाखवली. लांडग्याची, म्हणाले. मी ती चित्रात घेतली. चित्र तिथंच त्यांना देऊ केलं तर म्हणाले, "कुठं ठेवू? पावसात भिजंल." मी त्याचा फोटो त्यांच्या नातवाच्या फोनवर पाठवला.

आपल्या कलेत हा प्राणी परका नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. घराघरातल्या दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाच्या टाकांवर घोड्याजवळ कुत्रं असतं. १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांतल्या दोन बैलांच्या रथावर सारथी उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक छोटं कुत्रं आहे. बरेच पुराविद त्या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. ज्यानं तो रथ घडवला त्याला कुत्रं अनावश्यक वाटलं नाही. शांतिनिकेतनात रामकिंकर बैज यांनी १९३८मध्ये सिमेंट आणि खडीतून 'संथाल कुटुंब' उभं केलं. आई-बाप, पोरं, डोक्यावर-खांद्यावर सगळा संसार, आणि बरोबरीनं चालणारं त्यांचं कुत्रं. मी ते शिल्प पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा आधी त्या कुत्र्यापाशी जाऊन उभी राहिले. ते मागून फरफटत येत नाही. घर सोडून निघालेल्या माणसांत तेही एक आहे.

रविवारी गल्लीतली मुलं येतात. बहुतेकांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा द्यायच्या असतात, पण मी त्यांच्याकडून कुत्री काढून घेते. शेपूट कुठे आहे, कान मागे दाबलेत का, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, अंग ताठ आहे की सैल. जे मूल हे काढू शकतं ते कुत्र्याजवळ कधी जायचं आणि कधी नाही हेही ओळखतं. एका मुलीला लहानपणी चावा बसला होता. ती पहिले काही आठवडे दाराबाहेर बसून, जाळीतून भुरीला काढायची. तिची भीती खरी होती आणि मी ती कधी हसण्यावारी नेली नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. चावा बसला तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लस घ्यायलाच जायचं, हे मी चित्राच्या वर्गात सांगते. गल्लीतल्या कुत्र्यांना दर वर्षी लस टोचून घेतो, त्या दिवशी ही मुलंच कुत्र्यांना नावानं हाका मारून आणतात.

भुरी गेल्या पावसाळ्यात गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, वय झालं होतं. तिच्या वह्यांचा गठ्ठा माझ्याकडे आहे. पहिल्या वहीत तिचं तोंड रॉ सिएनाच्या एका वॉशमध्ये येतं. मधल्या वह्यांत नाकाजवळ कागद कोरा राहू लागतो, मग डोळ्यांभोवती, मग भुवयांवर. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो, कागद सोडायचा असतो. तिच्या शेवटच्या चित्रांत रंगापेक्षा सोडलेला कागद जास्त आहे. मी तिच्यासाठी खूप रडले, आणि रडत असतानाही काढत होते. मला ते एकमेकांच्या आड येणारं वाटलं नाही.

सध्या मी घाटावरची कुत्री काढते आहे, एका कागदावर एक, खऱ्या आकाराची. बावीस बाय तीस इंचाच्या उभ्या कागदात बसलेलं गावठी कुत्रं बरोबर मावतं. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला. यांतल्या बऱ्याच कुत्र्यांच्या कानाचं टोक कापलेलं आहे. नसबंदी झाल्याची ती खूण, आणि अशा कुत्र्याला शस्त्रक्रियेबरोबर लसही टोचून जिथून नेलं तिथेच आणून सोडतात. एका गृहस्थांना एक चित्र आवडलं, फक्त तेवढा कान नीट करून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं, आणि चित्र गेलं नाही.

प्रदर्शनात ही चित्रं मला नेहमीच्या उंचीवर लावायची नाहीत. कुत्र्याचे डोळे जमिनीपासून जेवढ्या उंचीवर असतात तेवढ्याच उंचीवर हवीत, म्हणजे बघणाऱ्याला खाली बसावं लागेल. हॉलवाले भिंतीत तेवढ्या खाली खिळे मारू देत नाहीत. म्हणून गल्लीतल्या सुतारदादांकडून सागाच्या बुटक्या उभ्या चौकटी करून घेते आहे. दोन झाल्यात, तांबी त्यांतल्या एकीखाली झोपते, आणि बाकीच्या दसऱ्याआधी देतो म्हणालेत.