पाण्याने दाभोळला

चिपळूणहून दाभोळला जायला आज दोन वाटा आहेत. एक दापोलीकडून डोंगर उतरत जाते. दुसरी गुहागरच्या बाजूने धोपाव्याला जाते, तिथे गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडे उतरायचे. तिसरी वाट मात्र लोक विसरत चालले आहेत. ती वाशिष्ठीच्या पाण्यावरची. आमच्या खालाचे माहेर दाभोळचे. सत्तरी ओलांडलेल्या खालाचा हट्ट एकच होता, "एकदा पाण्यानेच माहेरी जायचे आहे. मी लाँचमधून सासरी आले, गाडीतून नाही." म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही गोवळकोटच्या धक्क्यावरून निघालो. आम्ही दोघे, दोन मुले, खाला, तांडेल चाचा आणि त्यांचा एकोणीस वर्षांचा भाचा.

वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते आणि चिपळूणपासून साधारण चाळीस किलोमीटर वळणे घेत दाभोळ-अंजनवेलपाशी समुद्राला मिळते. पोफळीच्या वीजघरातून सुटणारे कोयनेचे पाणीही हिच्यातच येते, त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटल्या तरी ही भरलेली असते. जुलै २०२१ मध्ये याच नदीने चिपळूणची बाजारपेठ बुडवली होती. काठावरच्या घरांवर तेव्हाच्या पाण्याच्या खुणा आम्ही मुलांना दाखवल्या. गोवळकोटचा किल्ला डोक्यावर सोडून होडी पुढे निघाली. काठाच्या चिखलावर दोन मगरी ऊन खात पडल्या होत्या. धाकट्याने त्या मोजल्या आणि लगेच पाण्यात घातलेला हात बाहेर काढला. सांगावे लागले नाही.

अमावस्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे पाणी. अशा दिवसांत पाणी जितके वर चढते तितकेच खाली जाते, आणि जाते तेही झपाट्याने. चाचांचा हिशेब सरळ होता. जोहर पढून दीड वाजता भरतीच्या माथ्यावर निघायचे, ओहोटीच्या ओढीवर खाली उतरायचे आणि असरला दाभोळ गाठायचे. वाटेत कुठे रेंगाळलो तर पाणी उतरलेले असेल, होडी चिखलावर बसेल आणि पुढच्या भरतीसाठी रात्र होईपर्यंत थांबावे लागेल. दोन्ही बाजूंना कांदळवन आणि गुडघाभर काळा गाळ. त्यात उतरून चालत जाणे शक्य नाही, आणि मगरींच्या मुलखात कोणी उतरणारही नाही.

कांदळवनातली ही दुपार आम्हाला फार आवडली. खंड्या पाण्यावर सूर मारत होता. वाळूच्या होड्या ओहोटीला टेकून उभ्या होत्या. खाला प्रत्येक वळणाला गावाचे नाव सांगत होती, आणि तिथे कोणाचे लग्न झाले, कोण आफ्रिकेला गेला, कोण कुवेतला, तेही. भूगोल शिकवायची ही पद्धत आमच्या बीएडच्या पुस्तकात नव्हती.

तीनच्या सुमारास मोटारीचा आवाज बदलला. जोर दिला की ती गुदमरायची, कमी केला की पुन्हा धुगधुगायची. दोनदा असे झाले आणि मग ती बंदच पडली. होडी प्रवाहात आडवी फिरली.

ज्यांनी ही मोटार पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेली ही आउटबोर्ड मोटार. आमचे कोळी तिला ओबीएम म्हणतात. पेट्रोलची टाकी होडीत वेगळी असते. टाकीतून रबरी नळी निघते, नळीच्या मध्ये हाताने दाबायचा एक फुगा असतो, आणि पुढे मोटारीच्या अंगावर तळहाताएवढा इंधनपंप बसवलेला असतो. या जुन्या टू-स्ट्रोक मोटारींच्या पंपाला वीज लागत नाही. इंजिनाच्या पोटात दट्ट्या वर-खाली झाला की तिथला दाब कमी-जास्त होतो. त्या दाबाने पंपातला पातळ पडदा मागे-पुढे हलतो. दोन छोट्या झडपा असतात, एक पेट्रोल आत घेते, दुसरी ते कार्बोरेटरकडे सोडते, आणि परत येऊ कोणीच देत नाही. थोडक्यात, हे मोटारीचे काळीज. पडदा ताठरला किंवा त्याला बारीकशी चीर गेली की मोटार रिकामी चालते तोवर ठीक वाटते, पण जास्त पेट्रोल लागायची वेळ आली की उपाशी राहते.

चाचांनी आधी नांगर टाकला. मग भाच्याकडे पाहून एवढेच म्हणाले, "बघ."

पोरगा आयटीआय झालेला. पासपोर्ट तयार, कुवेतचा व्हिसा येणार म्हणून घरात बोलणे चाललेले. तो घाईने पाने काढायला गेला नाही, हे आम्ही लक्षपूर्वक पाहिले. त्याने पहिल्यांदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू तपासला. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल ओढले जात नाही. स्क्रू उघडा होता. नळी कुठे दबली आहे का ते पाहिले. गाळणीच्या काचेत पाणी साठले आहे का ते पाहिले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते, त्यामुळे खाडीत हा त्रास नेहमीचा. काच स्वच्छ होती. मग त्याने थोरल्याला फुगा सतत दाबत राहायला सांगितले आणि दोरी ओढली. मोटार लागली, जोरही घेतला. फुगा सोडला की पुन्हा मेली.

"पंप गेला मामू," तो म्हणाला. "हातानं ढकललेलं पेट्रोल पोचतं, त्यानं ओढलेलं पोचत नाही."

"मग दाबत दाबत जाऊ या की!" आमच्या थोरल्याला आता स्वतःचे महत्त्व कळले होते. वाटेत कोणी अडकले तर माणसे असे जातातही. पण चाचांनी मान हलवली. पुढे पात्र रुंद होते, धोपाव्यापाशी फेरीबोट आडवी ये-जा करते, आणि भर ओहोटीत एका पोराच्या मुठीवर सात माणसांची होडी सोडायला ते तयार नव्हते. काठीने पाण्याची खोली घेतली. "तास आहे आपल्याकडे. त्याच्यानंतर बूड टेकेल. कर काम."

फळीखालच्या पत्र्याच्या डब्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नवा पंप होता. रत्नागिरीहून आणलेला, दोन वर्षे तसाच पडून. फक्त पडदे, झडपा आणि गॅस्केटचे किट स्वस्तात मिळते, पण डोलणाऱ्या होडीत पंप उघडून एवढाले तुकडे जुळवण्यापेक्षा अख्खा पंप बदलणे बरे, असा चाचांचा विचार. आम्हालाही तो पटला.

पोराने मोटारीच्या थांबण्याच्या बटणाची दोरी काढून खिशात घातली. टाकीची नळी सोडवली. खाली फडका धरला, कारण पेट्रोल सांडणारच. पंपाला दोन नळ्या होत्या, गाळणीकडून येणारी आणि कार्बोरेटरकडे जाणारी. त्यातल्या पहिलीला त्याने लाल दोरा बांधला. त्या उलट बसल्या तर नवा पंपही काही कामाचा नाही. मग दोन बोल्ट. इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, कारण पाण्यात पडलेला बोल्ट वाशिष्ठी परत देत नाही. खालाने न बोलता आपल्या पानाच्या डब्याचे झाकण पुढे केले. बोल्ट, पकडी आणि जुने गॅस्केट सुपारीच्या चुऱ्यात जाऊन पडले.

जुने गॅस्केट इंजिनाला चिकटले होते. पोराने ते नखाने आणि फडक्याने काढले, पात्याला हात लावला नाही. तिथे ओरखडा पडला की दाब निसटतो, हे त्याने आम्हाला विचारल्यावर सांगितले. नवे गॅस्केट, नवा पंप, दोन्ही बोल्ट आधी हाताने, मग पान्याने आलटून पालटून थोडे थोडे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर पंप तिरका बसतो. नळ्या चढल्या, पकडी आवळल्या. फुगा घट्ट होईपर्यंत दाबला आणि सगळ्या सांध्यांवर कोरडे बोट फिरवून पाहिले. ओल नव्हती. सांडलेले पेट्रोल पुसून त्याने वास जाईपर्यंत झाकण उघडे ठेवले.

या सगळ्या वेळात होडीच्या डाव्या अंगाला चिखलाची कड दिसू लागली होती. आधी ओळ, मग पट्टा, मग त्यावर धावणारे लाल खेकडे. चाचा काठी टाकून पाहत होते आणि बोलत काही नव्हते. खालाची तस्बीह चालू होती. मुलांनी लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळून घेतले.

"बिस्मिल्लाह" म्हणून दोरी ओढली. नाही. दुसऱ्यांदा धूर आला. तिसऱ्यांदा मोटार लागली आणि लागलेलीच राहिली. पोराने फुग्याला कोणालाही हात लावू दिला नाही. पाच मिनिटे जोर देऊन पाहिला, तेव्हा कुठे चाचांनी नांगर उचलला. होडी गाळाला घासून निघाली, तो आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

पाचच्या सुमारास धोपाव्याची फेरी उजेडात दिसली. पलीकडे अंजनवेलच्या टेकडीवर गोपाळगड आणि वीज प्रकल्पाच्या चिमण्या, अलीकडे दाभोळ. बहमनी काळातले हे मोठे बंदर. रशियन व्यापारी निकितीन पंधराव्या शतकात इथूनच होर्मुझकडे निघाला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज अल्मेदाने हे शहर जाळले. हजचे यात्रेकरू याच पाण्यावरून जहाजात चढत. किनाऱ्यावरची काळ्या दगडाची शाही मशीद, एक घुमट आणि चार मिनार, १६५९-६० च्या सुमाराची मानतात. विजापूरची एक शाहजादी हजला निघून दाभोळपर्यंत आली, पुढचा प्रवास होऊ शकला नाही, आणि हजसाठी आणलेले धन तिने या मशिदीला लावले, अशी आख्यायिका गावात सांगतात.

आम्ही तिथे असर पढलो. खाला मशिदीच्या पायरीवर बसून माहेरच्या माणसांची वाट पाहत होती. पोराने धक्क्यावर बसून जुना पंप उघडला आणि पडदा उन्हाकडे धरून आम्हाला दाखवला. कडेला केसाएवढी चीर होती, एरवी दिसणारही नाही अशी. तो पडदा त्याने कागदात गुंडाळून खिशात ठेवला. दुकानदाराला दाखवून याच मापाचे दोन आणायचे, एक लावायला आणि एक डब्यात ठेवायला.

"तू तर कुवेतला चाललास, मग डबा कोण भरणार?" आम्ही विचारले.

त्याने मामूकडे पाहिले. मामू वल्ही बांधत होते. "व्हिसा आला नाही अजून," तो म्हणाला आणि खालाच्या झाकणातला सुपारीचा चुरा झटकून झाकण तिला परत करायला निघाला.