सातबारा आणि शेअर

शहर येऊन गावाला भिडलं की शेतकऱ्यापुढं दोनच वाटा, असं आम्ही समजत आलो. एक तर एजंटाला तुकडा विकायचा, नाहीतर सरकार संपादन करतं का याची वाट बघत बसायचं. पैसा येतो. बंगला होतो, दारात गाडी येते, पोरीचं लग्न थाटात होतं. मग पैसा आटतो, आणि ज्या बांधावर वैरण कापली तिथंच दुसऱ्याच्या गेटावर वॉचमन म्हणून उभं राहायची पाळी येते. आमच्या भागात अशी माणसं कमी नाहीत.

म्हणून हडपसरच्या मगरपट्ट्याची गोष्ट मला मोलाची वाटते. आज तिथं काचेच्या इमारती आहेत. पण ही सगळी मुठेच्या कालव्याच्या पाण्यावरची उसाची रानं. 1982 च्या सुमारास पुण्याच्या विकास आराखड्यात हा भाग पुढं शहर होणार असा दिसला, आणि जमीन हातची जाणार ही धास्ती बसली. विकून मोकळं होणं सोपं होतं.

तिथल्या शेतकऱ्यांनी तिसरी वाट काढली. शेतकी कॉलेजात शिकलेले सतीश मगर पुढं झाले. जवळपास 120 कुटुंबं, बहुतेक मगर आडनावाचीच, आणि सगळी मिळून 400 एकरांच्या आसपास रान. कुणी विकायचं नाही, सगळ्यांनी एकत्र करायचं. कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याला शेअर. 2000 साली बांधकाम सुरू झालं. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टर यांचा. बांधकामातली बरीच कामं घरच्या पोरांनीच घेतली. राहायची घरं आणि कंप्युटर कंपन्यांची ऑफिसं एकाच आवारात. घर एकदाच विकलं जातं, ऑफिसाचं भाडं मात्र दर महिन्याला येतं. उसाचं बिल वर्षातून एकदा यायचं, हे त्याहून बरं.

यातली मेख रान एकसंध राहण्यात आहे. तुकडे पडले नाहीत म्हणून पहिली वीट बसायच्या आधी रस्ते, गटारं, बाग कागदावर आखता आली. गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनीवर घरं आधी होतात आणि रस्ता मागनं शोधावा लागतो. पावसाळ्यात तिथं चालून बघा, म्हणजे कळंल.

पण एक गोष्ट मनात सलते. शेअर मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्या बाईनं दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात जन्म घातला, तिचं नाव कुठल्या उताऱ्यावर असतं? रान गेलं की तिची मजुरीही गेली, आणि तिच्या वाट्याला कागद काही येत नाही. असल्या हिशोबात तिला कुठं बसवायचं, हे अजून कुणी नीट सांगितलेलं मी ऐकलं नाही.

पुढं सिंहगड रस्त्याला नांदेड सिटी त्याच धर्तीवर उभी राहिली. म्हणजे हे एकदाच जमलेलं नवल नव्हतं. तरी आपल्याकडं दोन सख्ख्या भावांचा बांध कोर्टात असतो, तिथं 120 घरं एका कागदावर आणायची म्हणजे खायचं काम नाही. आता आमच्याकडंही पांढऱ्या गाड्या फिरायला लागल्यात. जो तो विचारतो, "एकराला काय भाव निघाला?" शेजारच्या बांधावर जाऊन "तुझं काय ठरलं, बाबा?" असं विचारणारा अजून मला भेटायचाय.