साडेचार ड्रम

४ मे २०२४, शनिवार, रात्री

सकाळी सहाला पुणे सोडलं. नगरहून कडा-आष्टीच्या रस्त्याने जामखेडकडे वळलो तेव्हा बसमधली गाणी आपोआप थांबली. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, एखाद्या बांधावर बाभळीच्या सावलीत बसलेली शेरडं. तेरा तारखेला मतदान आहे, त्यामुळे प्रचाराच्या गाड्या तेवढ्या भेटत होत्या.

बारा मुलं, चौदा ते सतरा वर्षांची. सोबत मी आणि एक तरुण शिक्षक. गाव बालाघाटच्या उताराला आहे. गावाचं नाव या वहीत लिहिणार नाही, मुलांचीही लिहिणार नाही. ती मोठी होतील आणि त्यांच्या आजच्या चुका कुठल्या तरी कागदावर राहतील, हे मला नको आहे.

उतरायला शाळेच्या दोन खोल्या दिल्यात. ओट्यावर निळ्या प्लास्टिकचे पाच ड्रम भरून ठेवले होते, प्रत्येकावर ताट झाकलेलं. शेजारच्या वस्तीवरच्या आज्जींनी आणि बायांनी ते कालच भरून ठेवलेत. आज्जींकडेच आमचं जेवण आहे. सत्तरीच्या असतील. ऐंशीच्या दशकात त्यांनी जामखेडच्या आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात आरोग्य कार्यकर्तीचं प्रशिक्षण घेतलं आणि गावातली कितीतरी बाळंतपणं केली.

मुलं घामाने चिंब झाली होती. संध्याकाळी सगळ्यांनी मनसोक्त आंघोळी केल्या. मीही केली.

५ मे, रविवार

साडेपाचला माळावर गेलो. सलग समतल चर खणायचे आहेत. साठ सेंटिमीटर रुंद, तीस खोल, उताराला आडवे. आज्जींच्या नातीने बांबूचा ए-फ्रेम आणला होता. दोन पाय, मधे आडवी पट्टी आणि वरून दोरीला दगड बांधून सोडलेला ओळंबा. दोरी पट्टीवरच्या खुणेवर स्थिर झाली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्कीची चिमूट टाकायची, पाय उचलून पुढे फिरवायचा. तिने दहाएक मिनिटांत माळावर पांढरी रेघ काढली. ती सरळ नव्हती, उताराच्या अंगाने वळत गेली होती. आमच्यातल्या उंच मुलाला ती वाकडी वाटली. “सरळ काढली तर पाणी एका टोकाला पळंल की,” ती म्हणाली.

साडेनऊपर्यंत टिकाव चालवले. वरचा वीतभर मुरूम सुटतो, खाली खडक लागल्यासारखा आवाज येतो. सात जणांच्या हातांना फोड आले. परत आल्यावर पुन्हा आंघोळी, कपडे धुणं.

संध्याकाळी आज्जी ओट्यावर आल्या आणि एकेका ड्रमवरचं ताट उचलून आत बघत गेल्या. चार ड्रम रिकामे, पाचवा निम्मा. काही बोलल्या नाहीत. नातीला म्हणाल्या, “उद्याच्या टँकरला दोन घरं अजून सांग.”

मी तिला विचारलं, टँकर किती दिवसांनी येतो. एक दिवसाआड. आणि माणशी रोज किती धरतात? “वीस लिटर.”

रात्री मुलांना गोल बसवलं आणि एवढंच सांगितलं: ड्रम दोनशे लिटरचा, रिकामे साडेचार, आपण चौदा जण, गावाचा वाटा माणशी वीस. गणित त्यांनीच केलं. कालपासून आजपर्यंत नऊशे लिटर. आपला वाटा दोनशे ऐंशी. जास्तीचे सहाशे वीस, म्हणजे गावातल्या एकतीस माणसांचं एका दिवसाचं पाणी आपण अंगावर ओतून घेतलं. धाकटी मुलगी रडायला लागली. तिला गप्प करायचा प्रयत्न मी केला नाही, जवळ जाऊन बसले. चूक माझी होती. आल्या आल्या पहिला प्रश्न मी पाण्याचा विचारायला हवा होता. इतकी वर्षं मुलांना बाहेर नेते आहे, आणि भरलेला ड्रम दिसला की तो आपल्यासाठीच आहे असं मलाही अजून वाटतं.

६ मे, सोमवार

सकाळी कुणीही न सांगता मुलांनी प्रत्येकाच्या नावाची बादली ठरवली. वीस लिटरची खूण खडूने केली. माळावरून आल्यावर अंग ओल्या पंचाने पुसायचं. भांडी आधी राखेने घासून मग दोन पाण्यांत विसळायची, हे आज्जींच्या नातीने शिकवलं. विसळलेलं पाणी शाळेतल्या कडुलिंबाला.

टँकर अकराला आला. मुली हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. कोथरूडच्या मुलीने पहिल्यांदा डोक्यावर चुंबळ घेतली. मान ताठ झाली, खांदे कानाला लागले आणि अर्धा हंडा पाठीवर सांडला. नातीने तिची हनुवटी दोन बोटांनी खाली आणली, चुंबळ जराशी मागे सरकवली आणि सांगितलं, “पायाकडं बघू नको. पुढच्या घराच्या पत्र्याकडं बघ.” दुसरा हंडा तिने घरापर्यंत नेला. सांडला थोडा, पण नेला.

दुपारी एका आईचा फोन. लेकाला परदेशी शिकायला पाठवायचं आहे, अर्जासोबत समाजकार्याचे फोटो लागतात, गावातल्या लहान मुलांना शिकवताना एखादा काढाल का? मी नाही म्हणाले. माळावर खणतानाचा पाठवते म्हटलं. त्या नाराज झाल्या. त्यांची काळजी खोटी नाही. पण ज्या लेकराचं नावही आपण विचारलं नाही ते आपल्या अर्जाला जोडायचं, हे माझ्याकडून होणार नाही.

७ मे, मंगळवार

आज खणणं बंद, जामखेडला गेलो. आज्जीही बसमध्ये होत्या. खिडकीजवळ बसून त्या मुलांना सांगत होत्या आणि मी मागे बसून ऐकत होते.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दवाखान्यात बसून रोगी तपासत राहिलो तर गावातलं मरण थांबणार नाही, हे त्यांना लवकर कळलं. मग त्यांनी गावोगावच्या बाया निवडायला सांगितल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी शाळा पाहिली नव्हती, अनेक दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना बाळंतपण, मुलांची वजनं, जुलाबावरचे उपाय शिकवले. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी इथे शिकायला येतात, आणि या बायाही त्यांना शिकवतात. हे ऐकून आमची मुलं आज्जींकडे नव्याने बघायला लागली.

आज्जींनी मुलांकडून साखर-मिठाचं पाणी करून घेतलं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे सपाट साखर, अर्धा चमचा मीठ. “चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर टाकून द्यायचं,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या. “टाकायचं म्हणजे झाडाला.”

परतताना हातपंपाची गोष्ट निघाली. बहात्तरच्या दुष्काळात या भागात विंधनविहिरी घेतल्या गेल्या, तेव्हा आरोळेंनी हातपंप दलित वस्तीतच बसतील असं बघितलं. सगळ्या गावाने पाण्याला तिथेच यायचं. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांच्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं. मुलांना आधी हे समजलं नाही. मग उंच मुलाने विचारलं, “म्हणजे ते न भांडता बदललं?” आज्जी म्हणाल्या, “भांडण झालं की. पण तहान मोठी हुती.”

त्यांच्या वस्तीवरही हातपंप आहे. येताना सगळ्यांनी उतरून बघितला. मार्चपासून कोरडा आहे.

८ मे, बुधवार

आज चांगलं खणलं. एक जण पहारीने सैल करतो, दोघं टिकाव चालवतात, चौथा घमेल्याने माती खालच्या बाजूला टाकून बांध दाबतो. हे सगळं गावातल्या मुलांकडे बघून बसलं.

आज्जींची नात आणि कोथरूडची मुलगी आता एकत्रच असतात. नातीने दहावीची परीक्षा दिली आहे, निकाल यायचाय. आई-बाप ऊसतोडीला जातात, मार्चअखेर परत आले. आठवीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर जायची, फडाच्या कडेला कोपीत राहायची. मग आज्जी म्हणाली, पोरगी माझ्याकडं राहील, शिकंल. कोथरूडच्या मुलीने विचारलं, “तू कधी बाहेरगावी गेलीस?” ती म्हणाली, “कोल्हापूर, सांगली, बेळगाव, बारामती. पुणं राहिलंय.” पाहिलेल्या गावांत आमची मुलगी मागे पडली. तिने हे रात्री सगळ्यांसमोर सांगितलं. तिच्या आवाजात आदर होता, दया नव्हती. चार दिवसांपूर्वी बसमध्ये तिच्या बोलण्यात “बिचारी” हा शब्द तीनदा आला होता, तो आज एकदाही आला नाही.

अमावस्या. दिवे गेले तेव्हा मुलांनी आकाश बघितलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.

९ मे, गुरुवार

आज चार सकाळींचं मोजमाप झालं. बासष्ट मीटर. मुलं नाचली. मग आज्जींच्या शेजारच्या मावशी सहज म्हणाल्या, “आमी आठ बायांनी दीड दिसात केलं असतं.”

जेवताना उंच मुलगा कागद घेऊन बसला. बारा दिवसांची मजुरी झाली. रोजगार हमीचा दर यंदा दिवसाला २९७ रुपये. म्हणजे ३५६४ रुपयांचं काम. “ताई, बसचं भाडंच अठरा हजार. तेवढ्यात साठ दिवसांची मजुरी निघाली असती. मग आपण का आलो? पैसे पाठवले असते तर?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. हा प्रश्न मी स्वतःला अठराव्या वर्षी विचारला होता. बाबा आमटेंनी सोमनाथला सुरू केलेल्या छावणीत, चंद्रपूरच्या मे महिन्यात. तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं, पण त्या छावणीचं नाव मात्र मनात राहिलं: श्रमसंस्कार. त्यात सेवा हा शब्द नाही. संस्कार होतो तो श्रम करणाऱ्यावर.

तेच मुलांना सांगितलं. आपण इथे शिकायला आलोय, आणि शिकवणाऱ्यांनी आपल्याला जेवू घातलंय, पाणी दिलंय. तर या सहलीला आपण सेवा म्हणायचं नाही. माहितीपत्रकातला तो शब्द पुढच्या वर्षी मी काढणार आहे. आणि पैसे? ते पाठवायचेच. अठरा हजार गावाला द्यायचे असतील तर घरी जाऊन मागा, मीही देते. पण पैसे पाठवले म्हणून चुंबळ कशी ठेवतात ते कळलं नसतं, आणि पुढे तुमच्यातला कुणी इंजिनीअर झाला, अधिकारी झाला तर “माणशी वीस लिटर” या ओळीवर सही करताना त्याचा हात थबकला नसता.

एवढं बोलून मला वाटलं, मी फार बोलले. पण बोलायला हवं होतं.

याच नगर जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या गावात दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरतं. मुलांना हे सांगितलं तेव्हा आमच्यातल्या, सातवीपासून गणितावर रुसलेल्या मुलाने आपलाही ताळेबंद मांडला. रविवारचे नऊशे धरून आजपर्यंत दोन हजारांहून जास्त लिटर खर्च. जमेला: बासष्ट मीटरचे चर एकदा भरले की अकरा हजार लिटरच्या वर पाणी. “फिटलं ना?” आज्जी हसल्या. “आधी पडू तर दे रे बाबा. उधारी पावसाच्या नावावर हाय.”

१० मे, शुक्रवार, आखिती

काम बंद. सकाळी आज्जींनी मातीची नवी घागर धुतली, भरली, गळ्याला सुताचा धागा गुंडाळला, वर आंबा ठेवला. पाटावर गव्हाच्या राशीवर मांडून पूजा केली. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी हे पाणी. एकेकाचं नाव घेत त्या घास बाजूला काढत होत्या, आणि त्यात त्यांनी डॉक्टरबाईंचंही नाव घेतलं. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या.

मग त्यांनी आमच्या बाराही मुलांना ओळीने बसवलं आणि त्याच घागरीतलं पाणी पेल्याने वाढलं. धाकटी मुलगी पेला हातात धरून बसून राहिली. आज्जींनी विचारलं, “पीत का नाहीस गं?” ती म्हणाली, “आमचा आजचा वाटा झालाय.” आज्जींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आखितीचं पाणी मोजायचं नसतंय. पी.”

ती प्यायली. घोट घोट करत, शेवटपर्यंत.

११ मे, शनिवार

निघालो. ड्रम आम्ही भरू शकलो नाही, धुऊन पालथे घातले. बस सुटेपर्यंत नात दाराशी उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याला येणार, आमच्याकडे राहणार, असं कोथरूडच्या मुलीने परस्पर ठरवलंय. तिच्या आईशी मला बोलायला हवं.

९ जून, रविवार

नातीचे फोटो आले. परवा रात्री गावात मोठा पाऊस झाला. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या ओळीत काठोकाठ गढूळ पाणी. चौथ्या ओळीच्या डाव्या टोकाचा बांध फुटलाय. तिथे आम्ही रविवारी फक्कीची रेघ सोडून नेटाने सरळ खणलं होतं, आणि पाणी त्याच टोकाला पळालं. शेवटच्या फोटोत आज्जी आणि दोन बाया तिथे दगड रचताना दिसतात.

सगळे फोटो मुलांना पाठवले, फुटलेल्याचाही. पहिलं उत्तर उंच मुलाचं आलं.

“किती मीटर फुटलाय? मी येतो.”