आवाज येतो, पण कळत नाही

साठी उलटली की साखर आणि रक्तदाब नियमाने तपासणारी माणसंही कान तपासून घेत नाहीत. वय झालं म्हणजे ऐकू कमी येणारच, हे आपण गृहीत धरलेलं असतं. श्रवणतज्ज्ञ म्हणून माझं म्हणणं असं की उतारवयातली श्रवणचाचणी हा मेंदूच्या आरोग्याचाही भाग मानला पाहिजे. मात्र हे म्हणताना पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे कच्चा, तेही सांगायला हवं, कारण ‘कानाचं मशीन लावा, स्मृतिभ्रंश टाळा’ इतकं सरळ आश्वासन विज्ञानाने अजून कोणाला दिलेलं नाही.

वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आंतरकर्णातल्या कॉक्लियाच्या तळाकडच्या केशपेशी आधी निकामी होतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. हा भाग उंच पट्टीचे ध्वनी टिपतो. त्यामुळे स्वर बऱ्यापैकी ऐकू येतात, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं निसटतात. ‘आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. घरची माणसं मग आवाज चढवतात, त्याने मुख्यतः स्वर मोठे होतात आणि शब्द तसाच अर्धवट राहतो. तो संदर्भावरून जुळवण्यात मेंदूची जी शक्ती जाते, ती ऐकलेलं लक्षात ठेवायला उरत नाही. शिवाय ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या मेंदूतला, ध्वनी आणि भाषेचं काम करणारा भाग अधिक वेगाने आक्रसतो, असं एमआरआयच्या अभ्यासांत दिसलं आहे. बहिरेपणाचा मेंदूवर परिणाम होण्याचा तिसरा मार्ग मला सर्वांत काळजीचा वाटतो. ऐकू न येणारा माणूस फोन टाळतो, लग्नकार्यात कोपरा धरतो, भजनी मंडळ सोडतो. घरातले त्याला ‘अलिप्त झालेत’ म्हणतात, पुढे ‘विसरायला लागलेत’ म्हणतात, आणि जे कानापर्यंत नीट पोचलंच नाही ते विसरणार कसं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले फ्रँक लिन यांनी 2011 साली 639 व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य श्रवण असलेल्यांच्या तुलनेत सौम्य श्रवणऱ्हासात स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम ऱ्हासात तिप्पट, तर तीव्र ऱ्हासात जवळजवळ पाचपट आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 धोके सांगितले, त्यांत श्रवणऱ्हासाचा वाटा सुमारे 7 टक्के धरला आहे. हा आकडा साऱ्या लोकसंख्येचा आहे, एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. आणि कमी ऐकू येणं हे खरोखर कारण आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

नेमक्या त्याच गृहीतकावर आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार कान आणि मेंदू दोघांनाही पोखरतात, म्हणजे मूळ तिसरंच असू शकतं. अल्झायमरची प्रक्रिया लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी सुरू होते, त्यामुळे कार्यकारण उलटंही असू शकतं. स्मृतीच्या चाचण्या बहुधा तोंडी असतात, ज्याला प्रश्नच ऐकू आला नाही त्याचे गुण कमी पडणारच. मशीनचा फायदा दाखवणारा, ब्रिटनच्या बायोबँकेवर आधारलेला एक गाजलेला निबंध तर माहितीच्या विश्लेषणातल्या चुकीमुळे 2023 मध्ये मागे घ्यावा लागला. अशा वेळी निर्णय यादृच्छिक चाचणीनेच व्हायचा. तशी ‘अचीव्ह’ ही अमेरिकेतली चाचणी 2023 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 70 ते 84 वयाच्या 977 जणांना तीन वर्षं पाहिलं. सगळ्यांना एकत्र धरलं तर मशीनचा बुद्धीवर परिणाम दिसला नाही. पण हृदयविकाराच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले जे 238 जण मुळातच जास्त धोक्यात होते, वयाने मोठे, शिक्षणाने मागे, मधुमेह-रक्तदाब अधिक असलेले, त्यांच्यात बौद्धिक घसरण 48 टक्क्यांनी मंदावली. उपगटातला निष्कर्ष जपून वाचावा लागतो, हे मला मान्य आहे. बाकीच्या निरोगी स्वयंसेवकांची बुद्धी तीन वर्षांत फारशी घसरतच नाही, मग वाचवायचं काय, हे स्पष्टीकरण मात्र मला पटतं. आपल्याकडच्या ज्येष्ठांचं चित्र बहुतांशी त्या 238 जणांशी जुळतं, असा माझा तर्क आहे. तो इथल्या चाचण्यांनी तपासला गेला पाहिजे.

तोवर थांबायचं का? औषधाबद्दल बोलत असतो तर मीही थांबा म्हटलं असतं. इथे, मेंदूला फायदा झाला नाही तरी नातवंडांचं बोलणं कळतं, दुष्परिणाम नगण्य असतात, आणि स्मृतीची चाचणी घेण्याआधी ऐकण्याची चाचणी केली तर चुकीचं निदान तरी टळतं. मात्र यंत्र हातात देणं म्हणजे उपचार नव्हे. ‘अचीव्ह’मध्ये मशीनच्या गटातल्या प्रत्येकाला श्रवणतज्ज्ञाबरोबर चार सत्रं मिळाली, नंतर दर सहा महिन्यांनी फेरभेट होती. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 65 वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना साहाय्यक साधनांसाठी एकरकमी 3,000 रुपये मिळतात, त्यात श्रवणयंत्रही येतं. चाचणी न करता घेतलेलं यंत्र ताटवाट्यांचा खणखणाट वाढवतं, शब्द स्पष्ट करत नाही, आणि काही आठवड्यांत कपाटात जातं. योजनेच्या रकमेइतकीच गरज तालुक्याच्या रुग्णालयात ऑडिओमेट्री करणाऱ्या आणि यंत्र त्या माणसाच्या कानाला जुळवून देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची आहे.