कलम धरले का?

आंब्याचे कलम धरले की नाही, हे नवी पालवी सांगते. माझ्या उजव्या पायातल्या कलमाला पालवी फुटण्याची सोय नाही. तरुणपणी सायकलवरून पडून मोडलेला घोटा चाळीस वर्षांनी पार झिजला, तेव्हा डॉक्टरांनी तिथे नवा सांधा बसवला. नडगीच्या टोकाला धातूचा एक तुकडा, खालच्या हाडाला दुसरा, मध्ये प्लास्टिकची गादी. धातूची हाडाकडची बाजू मुद्दाम खरबरीत, सच्छिद्र ठेवलेली. त्या छिद्रांत हाडाने वाढून शिरावे आणि धातूला धरून ठेवावे, अशी योजना. बसवणे डॉक्टरांच्या हाती. धरणे हाडाच्या मर्जीवर.

ती मर्जी पाहायची क्ष-किरणांनी. तोही फोटो झोपून नव्हे, उभे राहून, अंगाचा भार त्याच पायावर देऊन! राँटजेनने 1895 साली पत्नीच्या हाताचा फोटो घेतला, त्यात हाडांपेक्षा अंगठीच ठसठशीत उमटली. माझ्याही फोटोत धातूच मिरवतो. डॉक्टरांची नजर मात्र त्याच्या काठावर. धातू आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ आहे का? असल्यास गेल्या वर्षीपेक्षा रुंदावली का? रुंदावत गेली तर सांधा सैल होत असल्याचा संशय. मग सांधा बदला, नाहीतर काढून हाडे कायमची एकमेकांना जोडून टाका.

यंदा, चौथ्या वर्षी, रेघ नव्हती. पण ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका दिसला.

"दुखतं का?"

"मुळीच नाही."

या उत्तराने मी खूष, डॉक्टर नाहीत. अशा पोकळ्या न दुखताही वाढतात आणि साध्या फोटोत पुष्कळदा लहान दिसतात. म्हणून सीटी स्कॅन. त्यात हाडाचे पातळ काप दिसतात, पण धातू तिथेही खोड सोडत नाही. पावसात रस्त्यावरच्या दिव्याभोवती तिरिपा दिसाव्यात, तशा काळ्या-पांढऱ्या रेघा चोहोकडे फेकतो. त्या संगणकाकडून कमी करून घेतल्या, तेव्हा पोकळी निघाली वाटाण्याएवढी. भोवतालच्या हाडाने मात्र धातूला घट्ट धरलेले.

"सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

वोल्फ नावाच्या जर्मन वैद्याने 1892 साली लिहून ठेवले, की भार पडेल तिथे हाड बळकट होते, न पडेल तिथे विरळ. सौ. म्हणते, जपा, फार चालू नका. मी वोल्फच्या पक्षात आहे. डॉक्टरांनी नेमून दिलेले दोन किलोमीटर रोज चालून येतो. आल्यावर ती चष्मा लावते, "पाय बघू" म्हणते आणि घोट्याकडे एकटक पाहत राहते. जणू तिला आतले दिसणार आहे.